नदीकाठी राहायला जाण्याआधी सांडपाण्याची वाट विचारावी

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे: जानेवारीत चार दिवस हाताशी आहेत, सोबत बहात्तर वर्षांच्या आई आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे, ताडोबा एकदा पाहून झाले असल्याने या वेळी सफारी नको, तर पुण्याहून येऊन पूर्व विदर्भातील एखाद्या नदीच्या काठी, गावाजवळ, झाडांच्या सावलीत राहायचे आहे. मात्र प्रत्येक निवास स्वतःला पर्यावरणपूरक म्हणवून घेतो. त्यामुळे खरा कोणता हे कसे ओळखावे, तेथे आईंची गैरसोय होईल का, आणि मुलाला नदीत उतरू द्यावे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी अठरा वर्षे वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत, नदीकाठच्या लहान निवासांची आखणी आणि बांधणी करत आलो आहे; त्यांतील सात वर्षे एक निवास स्वतः चालवलाही आहे. बुकिंग करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा असेल, तर तो असा विचारावा: तुमच्याकडचे सांडपाणी कोठे जाते? मातीच्या भिंती, बांबूचे पलंग, अंगणातली रांगोळी हे सर्व छायाचित्रात येते. सांडपाणी छायाचित्रात येत नाही आणि त्यावर झालेला खर्च पाहुण्याला दिसत नाही, म्हणून काटकसर नेहमी तेथेच केली जाते. ज्या मालकाने या प्रश्नाचा विचार केलेला असतो, तो फोनवरच खड्डा कोठे आहे, पाणी कोणत्या बागेत मुरते आणि टाकी शेवटची कधी उपसली, हे सांगू शकतो. ज्याने केलेला नसतो, तो ‘आमच्याकडे सगळे नैसर्गिक आहे’ असे सांगून विषय बदलतो.

हा प्रश्न मी इतका पुढे का आणतो, हे माझ्याच एका चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी वैनगंगेच्या एका उपनदीच्या काठी आम्ही सहा खोल्यांचा निवास बांधला. जमीन सिहार होती. आमच्याकडे शेतकरी जमिनीला जी नावे देतात, त्यांत कन्हार म्हणजे भारी काळी, मोरांड म्हणजे मध्यम, सिहार म्हणजे रेतीमिश्रित पिवळसर आणि बरड म्हणजे मुरमाड. कन्हारीत पाणी मुरत नाही, ते वर तुंबते आणि वास येऊ लागल्याने चूक लगेच कळते. सिहारीत मात्र कितीही पाणी सोडले तरी ते झटकन दिसेनासे होते, आणि बांधणाऱ्याला वाटते की शोषखड्डा उत्तम चालला आहे. मलाही तसेच वाटले. खड्डा काठापासून वीसेक पावलांवर होता. पहिल्या उन्हाळ्यात, नदीची धार बारीक झाल्यावर, खालच्या अंगाच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, बायकांनी नेहमीप्रमाणे रेतीत झिरे, म्हणजे पाझराच्या पाण्याचे खड्डे, खणले, कारण एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे पिण्याचे पाणी हेच असते. त्यांतील एक वृद्ध बाई आमच्या ओसरीवर आल्या आणि न रागावता म्हणाल्या, ‘बाबू, यंदा झिऱ्याच्या पाण्याला वास येऊन रायला.’ आम्ही त्याच दिवशी काठाकडच्या तीन खोल्या बंद केल्या, टोल्यावर पाण्याचा टँकर सुरू केला आणि तो पाऊस पडेपर्यंत चालू ठेवला. रेती पाणी गाळते हे खरे आहे. पण गाळण्यासाठी पाण्याला रेतीतून पुरेसे अंतर आणि पुरेसा वेळ चालावे लागते, आणि आम्ही ते अंतरच ठेवले नव्हते. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दुरुस्ती अशी केली. शौचालयाचे पाणी आणि अंघोळ-स्वयंपाकघराचे पाणी वेगळे केले. शौचालयाच्या पाण्यासाठी तीन कप्प्यांची बंद टाकी नदीपासून दूर, उंचावर, शेताच्या बाजूला नेली. टाकीतून बाहेर येणारे पाणी स्वच्छ असते हा एक मोठा गैरसमज आहे. टाकीत फक्त गाळ बसतो आणि थोडा कुजतो. रोगजंतू आणि नत्र त्या पाण्यात राहतातच, म्हणून ते पुढे गिट्टी आणि रेती भरलेल्या, कर्दळ लावलेल्या वाफ्यांतून हळूहळू नेऊन लिंबू आणि केळीच्या ओळींना मुळाशी दिले. अंघोळीचे पाणी वेगळ्या वाफ्यातून बागेला दिले. स्वयंपाकघराच्या मोरीला तेल-चरबी अडवणारी छोटी टाकी बसवली, कारण तेल वाफ्यात गेले की गिट्टीची फट बुजते आणि वर्षभरात सर्व व्यवस्था निकामी होते. हे करायला एका चांगल्या खोलीइतका खर्च आला. आपण जिथे राहणार असाल तिथे साधारण अशी व्यवस्था आहे का, हे विचारावे आणि गेल्यावर मुलाला घेऊन ती प्रत्यक्ष पाहावी. चांगल्या निवासाचा मालक ती आनंदाने दाखवतो.

याच संदर्भात पाण्याचा हिशेबही लक्षात घ्यावा. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी हे मान धरले आहे. साध्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले तर शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज वाहून जाते. बादली-तांब्याने तीच अंघोळ वीस लिटरमध्ये होते. म्हणजे एका पाहुण्याची एक अंघोळ शेजारच्या घरातील जवळजवळ दोन माणसांचे दिवसाचे पाणी घेऊन जाऊ शकते. ज्या निवासात खोलीत बादली ठेवलेली असते, चादरी रोज न बदलता आपण सांगितल्यावर बदलतात, आणि पोहण्याचा तलाव बांधलेला नसतो, तेथे गैरसोय आहे असे समजू नये. नदीच्या काठी बांधलेला निळ्या फरशीचा तलाव पाहिला की मला त्या मालकाच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास ठेवणे कठीण जाते.

आता जागेबद्दल. ‘अगदी पाण्याला लागून खोली’ ही जाहिरात वाचली की माझ्या मनात पहिला विचार पुराचा येतो. नदीची निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामच नसावे, हा जलसंपदा खात्याचा नियम आहे. लहान नद्यांवर या रेषा बहुधा आखलेल्या नसतात. तेथे गावातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण हाच आधार असतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तो अनेकांच्या लक्षात आहे. मध्य प्रदेशातील संजय सरोवर या धरणातून सोडलेले पाणी आणि खोऱ्यातला पाऊस एकत्र आला, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत काठची गावे पाण्याखाली गेली. त्या वेळचे पाणी कोठपर्यंत आले होते, हे निवासाच्या मालकाला विचारावे. जानेवारीत आपल्याला पुराचा धोका नाही; तरीही हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, पुरात बुडणाऱ्या जागेवर बांधलेल्या शौचालयाची टाकी दर मोठ्या पुरात नदीत रिकामी होते. काठापासून थोडे मागे, अर्जुन, उंबर, करंज, जांभूळ अशी काठची झाडे न तोडता, उंच जोत्यावर बांधलेल्या ओसरीतून नदी कमी दिसेल, पण तीच जागा योग्य आहे. या झाडांची मुळे काठ धरून ठेवतात. दृश्य मोकळे व्हावे म्हणून ती तोडली की दोन-तीन पावसाळ्यांत दरड कोसळू लागते.

नदीवर वरच्या अंगाला काय आहे, हेही नकाशावर पाहून घ्यावे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत येते. चंद्रपूरच्या आसपास वर्धा आणि इरई या नद्यांच्या काठी कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र आहे. निवास कितीही निष्ठेने चालवलेला असला, तरी अशा पट्ट्यात मुलाने पाण्यात खेळणे मला योग्य वाटत नाही. उपनद्यांच्या वरच्या भागात, जंगलातून येणाऱ्या प्रवाहांवर, पाणी बरेच निर्मळ असते, आणि आपल्यासाठी मी तसाच भाग सुचवीन. पिण्याचे पाणी मात्र नदी कितीही स्वच्छ दिसली तरी उकळलेले किंवा नीट गाळून शुद्ध केलेलेच घ्यावे. चांगल्या निवासात त्यासाठी माठ आणि फिल्टर असतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांची खोकी रचलेली दिसली तर त्या रिकाम्या बाटल्या पुढे कोठे जातात तेही विचारावे. खेड्यात कचरागाडी सहसा येत नाही. बहुतेक ठिकाणी त्या मागच्या खड्ड्यात जाळल्या जातात, आणि तो धूर पहिल्यांदा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांच्या नाकात जातो.

घरे कशाची आहेत, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. मी तो मुद्दाम इतक्या उशिरा आणला आहे. माती, बांबू आणि कवेलू (कौले) यांची घरे आपल्या हवेला योग्य आहेत, याबद्दल मला शंका नाही. १९३६ पासून उभ्या राहत गेलेल्या सेवाग्राम आश्रमातील कुटी आजही पाहता येतात, आणि येताना किंवा जाताना वर्ध्याला उतरून आईंना त्या दाखवाव्यात असे मी सुचवीन. पण मातीचे घर टिकते ते दरवर्षीच्या निगेमुळे. पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते, बांबू आधी पाण्यात भिजवून त्यातले पिष्ट काढून मग टाकणखाराचा उपचार करावा लागतो, नाहीतर किडा लागून दोन वर्षांत त्याचे पीठ होते. ही निगा करणारी गावातली माणसे वर्षभर कामावर आहेत का, यावर घराचे खरेपण ठरते. सिमेंटच्या भिंतीवर बाहेरून मातीचा हात फिरवलेल्या आणि आत एसी लावलेल्या खोल्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यांना वाईट म्हणण्यापेक्षा, त्यांचे दर मातीच्या घराचे नसावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. जानेवारीत एसीचा प्रश्नच नाही. उलट नदीकाठी पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, धुके असते, आणि कवेलूच्या फटीतून गार वारा येतो. आईंसाठी लोकरीचे मोजे, कानटोपी आणि जाड शाल अवश्य घ्यावी, आणि खोलीत दोन रजया आहेत का ते आधी विचारावे. उन्हाळ्यात येण्याचा विचार कोणी करत असेल तर चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कूलरशिवाय दुपार निघत नाही, आणि मोठा कूलर कोरड्या हवेत दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो, तेही नेमके नदी आटलेली असताना. म्हणून मी एप्रिल-मे महिन्यांत कोणालाही नदीकाठी बोलावत नाही.

गरम पाण्यासाठी सोलर हीटर असेल तर उत्तम, पण धुक्याच्या सकाळी ते पुरत नाही. तेव्हा बंब पेटवतात. बंबात काय जळते ते पाहावे. धानाचा कोंडा, तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या जळत असतील तर ठीक. जंगलातून तोडून आणलेले ओले लाकूड जळत असेल तर नाही. हाच नियम रात्रीच्या शेकोटीला लागू आहे. शेकोटी अंगणातच, लहान, आणि झोपण्यापूर्वी पाणी टाकून विझवलेली असावी. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा काळ असतो आणि पाला वाळायला जानेवारीतच सुरुवात झालेली असते.

रात्री नदीकडे तोंड करून लावलेले प्रखर दिवे आणि ध्वनिक्षेपक नसावेत, हे मी वेगळे सांगायला नको. पण एक गोष्ट फार थोड्या पाहुण्यांना माहीत असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हिवाळ्यात नदीच्या मधोमध रेतीची बेटे उघडी पडतात. जानेवारीत तेथे चक्रवाकांच्या जोड्या उतरलेल्या दिसतात. फेब्रुवारीनंतर त्याच रेतीवर नदी सुरय, नदी टिटवी आणि छोटे आर्ली हे पक्षी अंडी घालतात. घरटे असे काही नसतेच. रेतीत एक उथळ खळगा, आणि त्यात रेतीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. माणूस त्यावर पाय ठेवून पुढे जातो आणि त्याला कळतही नाही. पक्षी उठला की उन्हात अंडी भाजून निघतात. काही निवास या बेटांवर तंबू लावतात, जेवणाची टेबले मांडतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. आपल्याला असे जेवण देऊ केले तर कृपया नको म्हणावे आणि का नको तेही सांगावे. पाहुण्यांनी चार वेळा नको म्हटले की मालक ते बंद करतो, हे मी पाहिले आहे.

आता माणसांबद्दल, कारण नदी ही निवासाच्या आधीपासून कोणाची तरी उपजीविका आहे. वैनगंगेच्या काठी ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो आणि हिवाळ्यात पाणी ओसरले की पात्रातल्या रेतीत डांगरवाडी लावतो. रेतीत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून, टरबूज-खरबुजाचे वेल लावले जातात. मार्चपासून फळे येतात. आपण जाल तेव्हा लावणीचे काम चाललेले असेल, आणि मुलाला तेथे एक सकाळ घालवायला फार आवडेल, असे मला वाटते. फक्त वेलांच्या ओळींतून चालू नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. निवासाने गावाची नदीवर जाण्याची वाट कुंपण घालून अडवलेली नाही ना, हे गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाहावे. गावचा घाट पूर्वीसारखा वापरात असेल, बायका धुणे घेऊन तेथे येत असतील, गुरे पाण्यावर उतरत असतील, तर मालकाचे गावाशी बरे चालले आहे. एखाद्या निवासाच्या कुंपणाला वळसा घालून म्हाताऱ्या माणसांना अर्धा कोस चालावे लागत असेल, तर त्या निवासात सौर दिवे किती आहेत याला माझ्या लेखी काही किंमत उरत नाही.

जेवणात काय मिळते, यावरूनही बरेच कळते. जानेवारीत झाडीपट्टीत नवीन धानाचा तांदूळ घरात आलेला असतो, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आलेल्या असतात, लाखोळीची कोवळी भाजी, अंबाडी, जवसाची चटणी, वांगी आणि ढिवरांकडून सकाळी आलेले मासे किंवा झिंगे असतात. शेवटी भाजीवर भरपूर सांबार पडतो. पुण्याच्या माणसाने सांबार म्हणजे कोथिंबीर हे लक्षात ठेवावे. असे जेवण मिळत असेल तर आपले पैसे त्याच गावातल्या आठ-दहा घरांत जातात. पनीर आणि नूडल्स मिळत असतील तर ते सर्व सामान शहरातून गाडीने आलेले असते. सावजी रस्सा हवा असेल तर तो नागपुरात खाऊन यावा. आईंच्या पोटाला तो या प्रवासात मानवणार नाही. मुक्काम वाढवता आला तर जवळच्या गावात झाडीपट्टीचे नाटक आहे का ते विचारावे. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने या भागात रात्रभर नाटके होतात, आणि तंबूत गावकऱ्यांबरोबर बसून ते पाहणे हा आमच्या भागात येण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा आनंद आहे.

आईंची सोय हा प्रश्न आपण संकोचून विचारला आहे असे वाटले. संकोच करू नये. पर्यावरणपूरक म्हणजे कष्टदायक, असे मुळीच नाही. कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि रात्री त्या वाटेवर जमिनीलगतचा मंद दिवा आहे का, हे नेमके विचारावे. काठावरची खोली त्यांना देऊ नये. रस्त्याकडची, आतली खोली घ्यावी, तेथे ओलही कमी असते. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि मोबाईलचे नेटवर्क खोलीत मिळते की टेकाडावर जावे लागते, हे लिहून घ्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका खेड्यातही येते, पण रस्त्याची खूण सांगणारा माणूस लागतो. म्हणून निवासातील एक कर्मचारी रात्री तेथेच मुक्कामाला असणे आवश्यक आहे. रोजची औषधे दोन दिवस जास्तीची आणावीत.

मच्छरदाणी प्रत्येकाने वापरावी, थंडीत डास कमी असले तरीही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा असतो. दुसरे कारण मण्यारीचे आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. थंडीत साप कमी बाहेर पडतात, पण सवय म्हणून पलंगावरच झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी, बूट झटकून घालावेत आणि रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल टाकू नये. दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालयात जावे, कारण प्रतिविष तेथेच मिळते. ब्रह्मपुरी, चिमूर, सिंदेवाही या पट्ट्यात वाघ-बिबट्यांचा वावर गावांच्या शिवारापर्यंत आहे. तेथे सूर्योदयाआधी आणि दिवस मावळल्यावर नदीकाठी एकट्याने जाऊ नये, मुलाला तर मुळीच पाठवू नये. स्थानिक माणूस जेव्हा ‘आज तिकडे नको’ म्हणतो, तेव्हा कारण न विचारता ऐकावे.

शेवटचा प्रश्न मुलाच्या पोहण्याचा. येथे मी अतिशय स्पष्टपणे लिहितो, कारण या नद्यांमध्ये बुडालेली मुले मी पाहिली आहेत. हिवाळ्यात पाणी गुडघाभर दिसते आणि तळ दिसतो, म्हणून पालक निर्धास्त होतात. परंतु ज्या घाटावरून रेती उपसली गेली आहे तेथे तळाशी उभ्या कडांचे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून चालणारे मूल पुढच्याच पावलाला दोन पुरुष खोल जाते, आणि कडेची रेती पायाखालून सरकत असल्याने त्याला परत चढता येत नाही. पोहता येणारी माणसेही येथे बुडतात, कारण वाचवायला उडी घेणाऱ्याला मूल घट्ट मिठी मारते. धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर सिंचनासाठी किंवा वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की कोरडी रेती अर्ध्या तासात पाण्याखाली जाऊ शकते. वर आभाळ निरभ्र असते, त्यामुळे शंकाही येत नाही. पेंचच्या जलाशयात आणि ताडोबाच्या तलावात मगरी आहेत, तेव्हा जंगलालगतच्या स्थिर पाण्याजवळ जाण्यापूर्वीही विचारावे. म्हणून मुलाने पाण्यात उतरायचे ते गावातली मुले ज्या घाटावर अंघोळ करतात त्याच घाटावर, दुपारी ऊन असताना, कमरेपेक्षा कमी पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, आणि त्या घाटाचा तळ रोज पाहणारा एखादा ढिवर बाप्या हाताच्या अंतरावर उभा असताना. त्यासाठी त्यांना त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी. त्यांनाच विचारून डोंग्यातून एक फेरीही करावी, जॅकेट तसेच अंगावर ठेवून. जाळे कसे टाकतात, डोह कोठे आहे, पाण्याचा रंग बदलला की तळ कसा बदलतो, हे ते बसल्या बसल्या दाखवतील. निवासात मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल, आणि बहुतेक ठिकाणी फक्त मोठ्यांचीच असतात, तर ते पुण्याहून विकत घेऊन यावे आणि परत जाताना तेथेच ठेवून जावे. पुढच्या मुलाला ते लागेल.